किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव



रोबोटिक्स शिकताना नॅबटेस्को या जपानी कंपनीचं नाव वाचलं. कारखान्यातल्या रोबोटचा हात जिथे वाकतो, त्या सांध्यातले अचूक गिअर बनवण्यात ही कंपनी आघाडीवर आहे. गिअर किंचित सैल असला तरी हाताच्या टोकाशी वेल्डिंग भलतीकडेच होणार. पण हीच कंपनी रेल्वेचे ब्रेक आणि आपोआप उघडणारे दरवाजेही बनवते. एकाच कारखानदाराला इतक्या वेगवेगळ्या वस्तू जमतात कशा? याचं उत्तर मला लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांच्या आयुष्यात मिळालं.

मी बोदलकसाची, तालुका तिरोडा. गावाचा तलाव इंग्रजांच्या काळातला. पाटाचं पाणी खालच्या बांध्यांना आपोआप मिळतं, पण ज्याची जमीन उंचावर त्याला पंपाशिवाय धान होत नाही. आमच्या मोठ्या बाबांच्या पंपावर किर्लोस्कर हे नाव मी लहानपणापासून वाचत आले. त्या नावामागे एक माणूस होता, हे मात्र इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ती पंडित, मुलाला मात्र चित्रांची आणि यंत्रांची ओढ. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथे कळलं की आपल्याला सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत! चित्रकाराचं स्वप्न संपलं. पण यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाहीत, रेघ लागते. त्यांनी ते शिकून घेतलं आणि व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांचं सायकलचं दुकान १८८८ पासूनच सुरू होतं.

सायकलवर न थांबता त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली! नांगर जरा चालायला लागतो तोच बेळगाव नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा मागितली. चाळिशीच्या माणसाला बिऱ्हाड उचलावं लागलं.

मदतीला धावले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. माळ कसला, निवडुंग आणि नागांचं राज्यच! १९१० च्या मार्चमध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथे उतरली. तीच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातली. इथे शिवाशिव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा नियम होता. रात्रीच्या पहाऱ्याला तर त्यांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसं ठेवली. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकत नाही, त्याच्याच हातात किल्ल्या!

नांगरासाठी ओतकाम जमलं होतं. त्याच भट्टीवर आणि त्याच कामगारांच्या हातांवर उसाचे चरक झाले, शेंगा फोडायचं यंत्र झालं आणि १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्युगल पंप. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्यालाच पुढे पाणी उपसायचं होतं ना! एमआयटीत शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव कारखान्यात आले. १९४१ मध्ये हरिहरला मशीन टूल्स, तर १९४६ मध्ये पुण्याला डिझेल इंजिनं आणि बंगळूरला विजेच्या मोटारी अशा कंपन्या उभ्या राहिल्या. यादी लांबत गेली, पण प्रत्येक वस्तूला आधीच्या वस्तूचं बोट धरलेलं दिसतं. मला हवं होतं ते उत्तर हेच.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. या वयात माणूस हात टेकतो, पण कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले.

आपल्या हॉस्टेलवर हवी ती ब्रँच न मिळालेले खूप जण आहेत. कॅम्पसमध्ये नाव न आल्याने मेसमध्ये न जेवता झोपणारेही आहेत. लक्ष्मणरावांचा तर पहिला मार्ग डोळ्यांनीच बंद केला, दुसरा साहेबाने आणि तिसरा नगरपालिकेने. दर वेळी त्यांनी हातात उरलेलं कौशल्य बघितलं आणि त्याचं काय होईल एवढाच विचार केला. रंग गेले, पण रेघ उरली होती. आपली रेघ कुठली, हे शोधायला चार वर्षं तशी पुष्कळ आहेत.