१४९ कवट्या आणि एक नकोसं उत्तर

खरं सांगा, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला लंबकाचा प्रयोग करताना ‘जी’ची किंमत ९.८ च्या आसपास येत नसेल, तर तुम्ही काय करता? मी बारावीत असताना पाच रीडिंग्ज घेतली होती. त्यातली दोन ‘बिघडलेली’ वाटली म्हणून खोडली आणि उरलेल्या तिनांची सरासरी काढली. उत्तर एकदम झकास आलं, जर्नलवर सहीसुद्धा मिळाली. पण ती दोन का बिघडली, हे मी कधी बघितलंच नाही.

हे आठवलं ते इरावती कर्वे यांच्याबद्दल वाचताना. आपल्याला त्या माहीत असतात ‘युगान्त’वाल्या इरावतीबाई म्हणून. पण वयाच्या पंचविशीच्या आत, परक्या देशात त्यांच्यासमोरही असाच मोह उभा होता. फक्त तिथे प्रश्न एका सहीचा नव्हता.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंग्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. पुढे ती रँग्लर परांजपे यांच्या घरी राहून वाढली. फर्ग्युसनमधून पदवी, मग मुंबईत घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. लग्न झालं दिनकर कर्वे यांच्याशी, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या घरात. १९२८ मध्ये बाई पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या.

तिथे गाईड होते ऑयगेन फिशर. मानववंशशास्त्रातलं त्या काळातलं मोठं नाव आणि नुकत्याच सुरू झालेल्या कैसर विल्हेल्म संस्थेचे प्रमुख. त्यांची एक कल्पना होती. गोऱ्या युरोपियन माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी सारखी नसते, कारण कपाळामागचा मेंदूचा उजवा भाग मोठा असतो, आणि म्हणून त्याची बुद्धी वरचढ. इरावतीबाईंनी कवट्या मोजून याला आधार शोधायचा होता.

आता जरा थांबा आणि आपल्या मालेगावचं उदाहरण घ्या. पॉवरलूमच्या खडखडाटामुळे कान कमजोर होतात का, असा प्रोजेक्ट तुम्ही घेतला. पन्नास लूम कामगारांचे कान तपासले आणि समजा तिसांना कमी ऐकू येतंय. झाला सिद्ध? नाही ना! त्याच वयाच्या, पण लूमवर कधीच न गेलेल्या माणसांचे कान तपासल्याशिवाय त्या तीस या आकड्याला काही अर्थ नाही. त्यांच्यातही तितक्याच जणांना कमी ऐकू येत असेल तर? आकडा खरा असतो, पण तो तुमच्या प्रश्नाचा पुरावा नसतो. डेटा आणि पुरावा यांतला फरक हाच.

फिशर यांच्या कल्पनेतली फट नेमकी इथेच होती. फक्त युरोपियन कवट्या घेतल्या असत्या तर असमानता दिसलीच असती, आणि कल्पना सिद्ध झाली असं कुणालाही वाटलं असतं. इरावतीबाईंनी युरोपियन आणि बिगरयुरोपियन अशा मिळून १४९ कवट्या मोजल्या. डावी बाजू, उजवी बाजू, एकामागून एक. संग्रहातल्या काही कवट्या वसाहतींमधून, कुणाला न विचारता आणलेल्या माणसांच्या होत्या, हेही इथे सांगायलाच हवं. निष्कर्ष काय निघाला? कवटीच्या दोन बाजू थोड्या वेगळ्या असणं ही सगळ्याच माणसांमधली साधी गोष्ट आहे. वंशाशी तिचा संबंध दिसत नाही.

विचार करा. परका देश, भाषा नवी, डिग्री त्याच माणसाच्या हातात, आणि तुमचे आकडे त्याच्याच विरोधात. नको ती रीडिंग्ज गाळणं किती सोपं होतं! बाईंनी आलेला निष्कर्ष तसाच प्रबंधात लिहिला. गाईड खूश झाले नाहीत. मार्क कमी मिळाले, पण डिग्री मिळाली. पुढे १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांची संस्था नाझींच्या वंशधोरणाला ‘विज्ञान’ पुरवत राहिली.

इरावतीबाई पुण्याला परतल्या. काही वर्षं महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात. स्कूटरवरून फिरायच्या, आणि त्या काळच्या पुण्यात लोक वळून बघायचे. मोजमाप काही सुटलं नाही. गावोगाव जाऊन त्या माणसांची अंगमापं घेत राहिल्या. एका नावाच्या जातीतले पोटगट म्हणजे एकाच गटाचे झालेले तुकडे, असं त्यांचे गुरू घुर्ये मानत. बाईंच्या आकड्यांवरून तसं दिसेना, तेव्हा त्यांनी गुरूंच्याही विरुद्ध मत मांडलं. खरं तर अंगमापांवरून माणसांचे गट पाडायची ती पद्धत आज बरीच मागे पडलीय, आणि त्या स्वतः तिच्यातून पूर्ण बाहेर आल्या असं मला तरी वाटत नाही. पण शेवटच्या वर्षांत कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर केली. तिथे पट्टी नव्हती, घरोघरी विचारलेले प्रश्न होते. ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या.

आणि ‘युगान्त’? १९६७ चं पुस्तक, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. ते लिहिताना त्यांनी हाताशी घेतली होती भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे शेकडो हस्तलिखितं ताडून, मागाहून घुसलेला भाग बाजूला काढून तयार केलेलं महाभारत. टीव्हीवर पाहिलेले बरेच प्रसंग त्यात सापडणार नाहीत. लायब्ररीत ‘युगान्त’ सहज मिळतं. परीक्षा संपली की आणा.