हसविणारे मास्टर विनायक

चिमणराव म्हटले की आपल्याला दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आठवतात. माझ्या लातूरच्या आजीला मात्र दामूअण्णा मालवणकरच आठवत. दामूअण्णा चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ, ही जोडी १९४० सालच्या ‘लग्न पहावे करून’मध्ये जमविली ती मास्टर विनायकांनी.

विनायक दामोदर कर्नाटकी मूळचे कोल्हापूरचे, जन्म १९०६ चा. ‘अयोध्येचा राजा’त ते नारद झाले, पुढे बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी ‘हंस पिक्चर्स’ काढली. अत्र्यांनी लिहिलेला ‘ब्रह्मचारी’ १९३८ साली मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. म्हणजे तोच विनोद दोनदा, आणि दोन्ही वेळा तितकाच ताजा! आपण एकच गंमत दुसऱ्यांदा सांगू लागलो तर घरची माणसे जांभया देतात. मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखाचा गवगवा फार झाला. पण चित्रपटात सर्वांत जास्त फजिती होते ती नायकाची, म्हणजे स्वतः विनायकरावांची.

१९४२ साली मास्टर दीनानाथ वारले. बारा वर्षांच्या लतावर घराचा भार पडला, तेव्हा विनायकरावांनी तिला आपल्या चित्रपटांत काम दिले. पाचच वर्षांनी, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, तेही गेले. वय अवघे एक्केचाळीस. ‘मंदिर’ अपुरा राहिला. मग त्यांचीच आठ वर्षांची नंदा घरासाठी ‘बेबी नंदा’ होऊन कॅमेऱ्यापुढे उभी राहू लागली.

येथे नांदेडला तिचा चित्रपट लागला की आमच्या सासूबाई विनोदी प्रसंगातही डोळ्यांना पदर लावीत.