साच्यात न बसणारी नूर

छोट्या पडद्यावरच्या युद्धमालिकांत आणि हेरमालिकांत हल्ली एक खंबीर बाई हमखास भेटते. तिचा नेम अचूक असतो, ती पापणी न लववता खोटे बोलते आणि मारामारीत पुरुषांना भारी पडते. या मालिका मी आवडीने पाहतो. पण त्या पाहताना नूर इनायत खान आठवल्यावाचून राहत नाही. कारण यातले काहीच तिच्या स्वभावात नव्हते.

नूरचे घराणे बडोद्याचे. वडील हजरत इनायत खान सूफी उपदेशक आणि वीणावादक. पणजोबा मौलाबक्ष यांनी गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात संगीतशाळा काढली. आई अमेरिकन. नूर जन्मली मॉस्कोत, १ जानेवारी १९१४ रोजी, आणि वाढली पॅरिसजवळ. ती तेरा वर्षांची असताना वडील गेले, आई खचली आणि तिन्ही धाकट्या भावंडांचा भार तिच्यावर आला. ती हार्प वाजवी, मुलांसाठी गोष्टी लिही. तिचे जातककथांचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले.

१९४० मध्ये फ्रान्स पडला आणि कुटुंब इंग्लंडला आले. हवाई दलाच्या महिला शाखेत नूर बिनतारी संदेशाचे काम शिकली आणि १९४३ मध्ये 'एसओई' या गुप्त संघटनेत दाखल झाली. तिच्याबद्दल प्रशिक्षकांचे शेरे फारसे बरे नव्हते. ती शस्त्रांना बिचकते, तिला खोटे बोलवत नाही, असे त्यांचे मत. बँकेत असताना हाताखालच्यांचे गोपनीय अहवाल मीही लिहिले आहेत. नूरवरचे ते शेरे निराधार नव्हते. पण पुढे जे लागणार होते, त्यासाठी त्या कागदात रकानाच नव्हता.

१९४३ च्या १६ जूनच्या रात्री ती फ्रान्समध्ये उतरली. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला बिनतारी चालक. काही दिवसांतच 'प्रॉस्पर' या हेरजाळ्यातली माणसे भराभर पकडली गेली. लंडनने परत बोलावले. नूरने नकार दिला. ती गेली असती तर पॅरिसमधून संदेश पाठवणारे कोणी उरत नव्हते. जड यंत्र वागवत, घरे बदलत ती ऑक्टोबरपर्यंत तग धरून राहिली. मग फितुरीने पकडली गेली.

कैदेतून तिने दोनदा पळण्याचा प्रयत्न केला. पण पाठवलेल्या संदेशांच्या नकला तिने वहीत ठेवल्या होत्या. ती वही जर्मनांना मिळाली. तिच्या नावाने ते खोटे संदेश पाठवू लागले आणि लंडन फसले. फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस उतरलेले हेर थेट जर्मनांच्या हाती पडले. त्यांतली मादलेन दामरमाँ पुढे नूरबरोबरच मारली गेली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी, डाखाऊच्या छळछावणीत. त्याआधी दहा महिने नूर जर्मनीतल्या तुरुंगात साखळदंडात होती. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

२०२० मध्ये बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेत नूर एका भागात येऊन गेली. तिच्यावर सबंध मालिका कोणी काढलीच, तर त्यांनी ती वही वगळू नये आणि बंदुकीला बिचकणारा तो हातही. ही बाई निर्भय नव्हती, बिनचूकही नव्हती. परतीचा मार्ग मोकळा असताना ती मागे राहिली, ही गोष्ट त्यामुळे उणी होत नाही.