नीती की मन? रंगांचे अनुवादक सर चार्ल्स ईस्टलेक

लंडनच्या नॅशनल गॅलरीचे पहिले संचालक म्हणून सर चार्ल्स लॉक ईस्टलेक यांचे नाव घेतले जाते. पण ते मुळात चित्रकार. जन्म १७९३ चा, इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदरातला. शिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमीत. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या पराभवानंतर नेपोलियनला घेऊन आलेले बेलेरोफॉन जहाज प्लिमथला उभे होते. तरुण ईस्टलेक होडीतून जवळ जात आणि डेकवर आलेल्या नेपोलियनची रेखाटने करत. त्यावरून केलेले मोठे चित्र गाजले, पैसा हाती आला आणि पुढच्याच वर्षी ते रोमला गेले. तिथे १८३० पर्यंत राहिले. १८२८ मध्ये प्रसिद्ध चित्रकार टर्नर रोमला आले, तेव्हा त्यांचा मुक्काम ईस्टलेक यांच्याच घरी होता.

ईस्टलेक यांची स्वतःची चित्रे आज फारशी कोणाला आठवत नाहीत. आम्हाला त्यांचे मोठे वाटते ते १८४० सालचे काम. जर्मन महाकवी गटे यांच्या १८१० च्या रंगविषयक ग्रंथाचा त्यांनी इंग्रजी अनुवाद केला. (शाकुंतलावर लुब्ध झालेले, तेच हे गटे.) ग्रंथात न्यूटनशी कडाडून घातलेला वादही होता, तो ईस्टलेक यांनी बाजूला ठेवला आणि चित्रकारांच्या उपयोगाचा भाग घेतला.

खरी अडचण या भागाच्या शेवटच्या, सहाव्या प्रकरणात आली. रंग माणसाला काय करतात, हा त्याचा विषय. पिवळा प्रसन्न करतो, पण जरा मळला की नकोसा होतो. निळ्या खोल्या ऐसपैस वाटतात, पण रित्या आणि गार. या परिणामासाठी गटे यांनी जोडशब्द वापरला : झिनलिश-झिटलिश. पहिला भाग इंद्रियांचा. दुसरा ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ चालरीत; म्हणून झिटलिश म्हणजे नैतिक, पण इथे रोख माणसाच्या अंतरंगाकडे.

बँकेत आयुष्य काढलेल्या आम्हाला हा पेच ओळखीचा. इंटरेस्ट म्हणजे खात्यावर व्याज आणि माणसात रस. संदर्भ सुटला की अनर्थ.

ईस्टलेक यांनी मथळा केला तो असा : नैतिक साहचर्याच्या संदर्भात रंगांचा परिणाम. इंद्रियांचा भाग गळला. मॉरल या शब्दावर आज वाचक दचकतो, पण त्या काळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ शरीराचे नव्हे ते, मनाचे, असाही होता. तो दोष आम्ही त्यांना देणार नाही. साहचर्य हा शब्द मात्र त्यांनी पदरचा घातला. एखादा रंग पाहून आठवणी जाग्या होतात आणि त्यातून भावना येते, असा त्याचा सूर. गटे यांचे म्हणणे वेगळे होते. वस्तू कोणती, तिचा आकार कोणता, हे न पाहता रंग थेट डोळ्यावर आणि त्याच्यामार्फत मनावर काम करतो. एका शब्दाने मूळ विचार थोडा सरकला.

तरीही इंग्रज चित्रकारांपर्यंत गटे पोचले ते याच पुस्तकातून. टर्नर यांनी आपल्या प्रतीच्या समासात टिपणे केली, वादही घातला. १८४३ मध्ये जलप्रलयानंतरच्या सकाळचे चित्र मांडले, तेव्हा त्याच्या नावातच गटे यांच्या सिद्धांताचा उल्लेख केला.

त्याच वर्षी ईस्टलेक नॅशनल गॅलरीचे कीपर झाले. हॉल्बाइनचे म्हणून १८४५ मध्ये विकत घेतलेले एक चित्र त्याचे नसल्याचे निघाले, बरीच टीका झाली आणि १८४७ मध्ये त्यांनी पद सोडले. दुसरा कोणी असता तर पुन्हा त्या वाटेला गेला नसता. १८५० मध्ये ते रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष आणि सर झाले. १८५५ मध्ये त्याच गॅलरीचे संचालक. मग दरवर्षी इटलीत हिंडून चित्रे पाहायची, पारखायची, वहीत टिपायची. उच्चेल्लो, व्हेरोनेसे, पिएरो देल्ला फ्रांचेस्का यांची मोठी चित्रे त्यांनीच लंडनला आणली. लेखिका आणि जर्मन जाणणाऱ्या पत्नी एलिझाबेथ यांची या कामात त्यांना मोठी साथ होती.

अशाच एका दौऱ्यात, २४ डिसेंबर १८६५ रोजी, इटलीतल्या पिसा इथे त्यांचे निधन झाले. त्यांचा अनुवाद नंतरही पुन्हा पुन्हा छापला गेला, सहाव्या प्रकरणाच्या त्याच मथळ्यासह.