रंग हुकले, रेषा साधली : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत १८८५ साली बेळगावकडचा एक सोळा वर्षांचा मुलगा चित्रकला शिकण्यासाठी दाखल झाला. शालेय पुस्तकांत त्याचे मन कधी रमले नव्हते. नाद होता तो दोनच गोष्टींचा, चित्रांचा आणि यंत्रांचा. वडील काशीनाथपंत यांची इच्छा अशी की, मुलाने चारचौघांसारखे शिकून मार्गी लागावे. ज्येष्ठ बंधू रामूअण्णांनी मात्र धाकट्या भावाची बाजू घेतली, म्हणून त्याला मुंबई दिसली. दोन वर्षे गेली, आणि मग एक विपरीत गोष्ट उघडकीस आली. या चित्रकाराला काही रंगांमधला भेदच नीट कळत नव्हता. त्याच्या दृष्टीत अंशतः रंगांधत्व होते.

चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. अशा वेळी मुलाला घरी बोलावून घेणे हा त्या काळचा सरळ मार्ग होता, आणि आजही अनेक घरांत तोच पत्करला जाईल. परंतु या मुलाने रंग सोडले, रेषा सोडली नाही. रेखनाला रंग लागत नाहीत. तेथे लागते ते अचूक माप, स्थिर हात आणि वस्तू समोर नसतानाही ती तिन्ही बाजूंनी पाहू शकणारी नजर. यंत्ररेखन हा विषय त्याने जवळ केला आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो यंत्ररेखनाचा साहाय्यक शिक्षक झाला. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आजच्या कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच. एकाच लहानशा गावाने मराठीला नाटक आणि नांगर दोन्ही द्यावेत, हा योग विरळाच. मराठी बोलणारी आणि कानडी मुलखात वाढलेली ही मंडळी. पुढे त्यांच्या कर्तृत्वाचा विस्तारही दोन्ही मुलखांत झाला.

ज्युबिली संस्थेत लक्ष्मणराव शिकवीत होते हे खरे. पण खरे शिक्षण चालले होते ते त्यांचे स्वतःचे. तास संपला की त्यांची पावले कर्मशाळेकडे वळत. फळ्यावर काढलेला भाग लोखंडात उतरताना कोठे अडतो, साच्यात धातू कसा वागतो, एक दाता किंचित चुकला तर सारे चक्र कसे अडखळते, हे त्यांनी तेथे आपल्या हाताने अनुभवले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. ज्याला आज माध्यमिक शाळांच्या तांत्रिक शाखेत यंत्ररेखन आणि कर्मशाळा म्हणतात, त्या दोन विषयांइतकेच त्यांचे रीतसर भांडवल होते. मात्र ते दोन विषय त्यांनी एकमेकांपासून कधी वेगळे पडू दिले नाहीत.

मुंबईत असतानाच त्यांना सायकलीचे वेड लागले. सायकली मुंबईत विकत घ्यायच्या आणि बेळगावी रामूअण्णांकडे धाडायच्या, असा उद्योग दोघा भावांनी आरंभला. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ पासून मोजतो तो या सायकलींच्या दुकानामुळे. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. हा अपमान पचवून ते तेथेच राहिले असते, तर एक चांगला रेखनशिक्षक सन्मानाने निवृत्त झाला असता, एवढेच.

बेळगावात सायकलदुरुस्तीपासून कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत आणि तेथून लोखंडी नांगरापर्यंत ते पोहोचले. नांगराची कथा सर्वश्रुत आहे. तरी तिच्यातील अडचण नेमकी कोणती होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लाकडी नांगर जमीन ओरखडतो. लोखंडी नांगर माती खोलवर कापून उलटी करतो, हरळीच्या मुळ्याही वर काढतो. नांगर तयार होता, उपयुक्तही होता. परंतु लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती आणि ती रेखाचित्राने दूर होणारी नव्हती. गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे जावी लागली. या काळात लक्ष्मणराव शेतकऱ्यांशी बोलत राहिले, ते काय म्हणतात ते ऐकत राहिले आणि नांगर सुधारीत राहिले. हे शिक्षण त्यांना कोणत्याही कर्मशाळेत मिळाले नसते.

नांगर खपू लागला तोच बेळगावच्या नगरपालिकेला वस्तीवाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. बिऱ्हाड हलवणे निराळे आणि भट्टी, यंत्रे व कामगार हलवणे निराळे. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन त्यांनी देऊ केली आणि कर्जही दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि नागसापांची वस्ती. १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. त्या माळाचे किर्लोस्करवाडी झाले आणि पुढे रेल्वे स्थानकानेही तेच नाव धारण केले.

किर्लोस्करवाडीच्या पहिल्या फळीतील माणसांकडे पाहिले म्हणजे लक्ष्मणरावांची पारख कळते. यंत्रांची बाजू शंभुराव जांभेकरांनी सांभाळली, व्यवस्थेची रामूअण्णांनी, हिशेबाची मंगेशराव रेग्यांनी. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करीत. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले. पण नवे काही करून पाहण्याची त्यांची हौस दांडगी होती. एखाद्या प्रतिष्ठित कचेरीने यांतल्या किती जणांचे अर्ज वाचले असते, हा प्रश्नच आहे. लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रे पाहिली नाहीत. हातात काम देऊन माणूस पाहिला. जो स्वतः रंगांच्या परीक्षेत अपात्र ठरला होता, त्याला एका परीक्षेतील अपयशाची किंमत नेमकी ठाऊक होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. अस्पृश्यता वाडीत पाळू दिली नाही. कारखान्याच्या आवारात चाललेली ही शाळाच होती. तिला घंटा तेवढी भोंग्याची होती.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड, कोळसा, रंग या साऱ्यांचीच टंचाई झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. यंत्रांना लावायचा रंग वाडीतच तयार होऊ लागला. रंगांध माणसाच्या कारखान्यात रंग तयार व्हावा, याची लक्ष्मणरावांना गंमत वाटली असेल का, कोण जाणे.

पुढची पिढी याच आवारात वाढली. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये येथूनच मासिक सुरू केले आणि ते मराठी घराघरांत पोहोचले. पुत्र शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यांत्रिक अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण घेऊन आले. बापाला जे कर्मशाळेच्या दारातून चोरपावलांनी मिळवावे लागले, ते मुलाला वर्गात बसून मिळाले. परंतु परतल्यावर त्यालाही वाडीच्या भट्टीसमोर उभे राहावे लागले, हे लक्ष्मणरावांच्या पद्धतीला धरूनच होते. १९४१ मध्ये तुंगभद्रेकाठी हरिहर येथे यंत्रे घडवणारी यंत्रे, मुख्यतः लेथ, तयार करण्याचा कारखाना निघाला. पाठोपाठ बंगळूर आणि पुणे येथे विजेच्या मोटारी आणि तेलइंजिनांचे कारखाने उभे राहिले. गुर्लहोसूरच्या मुलाचे काम पुन्हा कानडी मुलखात परतले होते.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. हरिहरचे लेथ तोवर देशभरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या आणि महाविद्यालयांच्या कर्मशाळांत पोहोचू लागले होते. सोळा-सतरा वर्षांची मुले रेखनाचा कागद शेजारी ठेवून त्यांच्यावर लोखंडाची पहिली सळई कातीत, आणि यंत्राच्या बिडाच्या अंगावर उठावाच्या अक्षरांत त्यांना एक नाव वाचायला मिळे.