कापरेकरांची ७७७७८ आणि संगणकातला पूर्णांक: किती बाइट लागतात?

देवळालीच्या एका शाळामास्तरांनी कागद-पेन्सिलीने मांडलेले आकडे आज फोरट्रान शिकणाऱ्यांची छोटीशी परीक्षा घेतात.

कोण होते कापरेकर?
दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडिलांना ज्योतिषाची आवड होती. त्यातून मुलाला आकडेमोडीचा नाद लागला. ठाण्यात शाळा आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पुढचे शिक्षण झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत शिकवले. पदव्युत्तर पदवी नव्हती, त्यामुळे देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांच्या शोधांकडे खेळ म्हणूनच पाहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची संख्या म्हणजे काय?
२९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा २९७ येतात. अशा संख्येला कापरेकर संख्या म्हणतात. ७७७७८ ही त्यांपैकीच एक. तिचा वर्ग ६०४९४१७२८४; ६०४९४ अधिक १७२८४ बरोबर ७७७७८.

संगणक कुठे अडतो?
फोरट्रान ही १९५७ मध्ये आयबीएमने आणलेली, शास्त्रीय गणितासाठीची भाषा. तिच्यात चल वापरण्याआधी तो पूर्णांक आहे, म्हणजे इंटिजर आहे, असे जाहीर करतात. आकार सांगितला नाही तर बहुतेक कंपायलर ४ बाइट जागा देतात.

• २ बाइट: कमाल ३२,७६७. यात २९७ मावते, तिचा वर्ग मावत नाही.
• ४ बाइट: कमाल २,१४,७४,८३,६४७. यात ७७७७८ मावते, तिचा वर्ग मावत नाही.
• ८ बाइट: सुमारे १९ अंकांपर्यंत. इथे दोन्ही मावतात.

चूक दिसते का?
बहुतेकदा नाही, हाच खरा धोका. ४ बाइटमध्ये वर्ग केला तर सामान्यतः वरचे बिट गळून १७५४४४९९८८ उरतात. तुकड्यांची बेरीज ६७५३२ येते आणि ७७७७८ ही कापरेकर संख्या नाही, असे उत्तर प्रोग्राम बिनदिक्कत देतो.

उपाय काय?
इंटिजर शब्दापुढे कंसात ८ लिहिले की बहुतेक कंपायलर ८ बाइट देतात. गुणाकार करण्याआधीच मूळ चल ८ बाइटचा हवा. उत्तराचा चल तेवढा मोठा करून भागत नाही.

धाराशिवच्या वसतिगृहात बसून प्रोग्राम लिहिणाऱ्याने म्हणूनच आधी सर्वांत मोठे उत्तर किती अंकी येईल ते कागदावर मोजावे. कापरेकरांचे सगळे काम तसेच, कागदावर झाले होते.