पालवणकर बाळू : मैदानावरचा विद्यार्थी

भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील थोर गोलंदाज पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी नोकरीत असल्याने त्यांचे बालपण पुण्यात गेले. तेथील पारशी क्लबात दरमहा तीन रुपयांवर ते खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरविण्याचे काम करीत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात त्यांना चार रुपये मिळू लागले. इंग्रज फलंदाजांना सराव मिळावा म्हणून त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेतली जाई. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली जात नसे. डावखुऱ्या फिरकीचे त्यांचे सारे शिक्षण या चाकरीतच झाले.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. परंतु चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. मुंबईस आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना पराभूत केले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान वाटे.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधू शिवराम व विठ्ठल संघाबाहेर राहिले. तेव्हा बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले.

राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरोधी बाजूस गेले. स्वतंत्र मतदारसंघ त्यांना मान्य नव्हता. १९३७ साली काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व सुमारे दोन हजार मतांनी हरले. हा मतभेद आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही. त्यामुळे मैदानावरील त्यांच्या झुंजीचे मोल कमी होत नाही. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

बाळूंच्या काळी खेळाचे शिक्षण देणारी संस्था त्यांच्यासाठी नव्हती, आणि त्यांच्या कसबाचे मोल ठरविणे क्लबाच्या मर्जीवर अवलंबून होते. आज बारावीनंतर शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते, पदवीनंतर बी.पी.एड. करून शाळेत क्रीडाशिक्षक होता येते. ज्या पतियाळाच्या महाराजांसोबत बाळू इंग्लंडला गेले, त्या घराण्याच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था प्रशिक्षक घडवीत आहे.

भिवंडीच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या पालकांची काळजी आम्ही जाणतो. खेळून पोट भरेल काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु मैदानात रमणाऱ्या मुलास खेळापासून तोडण्यापेक्षा, अभ्यास सुटू न देता त्या कसबाला प्रमाणपत्राची जोड द्यावी. प्रमाणपत्राने जातिभेद संपत नाही, हे खरे. तरी ते हाती असणाऱ्यास आपला हक्क ठामपणे मागता येतो. बाळूंना तेवढाही आधार नव्हता. आमच्या मुलांना तो मिळावा, एवढीच आमची इच्छा.